दिवसाचा चोर आणि रात्रीचे दिवे

आमच्या वाड्यावर, म्हणजे गोव्यातल्या आमच्या वस्तीत, एका घरी चोरी झाली ती दिवसाढवळ्या. सकाळी साडेदहाला त्या घरातली सगळी माणसे देवळाच्या सभागृहात लग्नाला गेली आणि दुपारी दीडला जेवून परतली. तेवढ्या तीन तासांत चोर न्हाणीच्या खिडकीचे कुजलेले लाकडी गज उपसून आत शिरला आणि कपाट फोडून निघूनही गेला. पोलीस आले, पंचनामा झाला, ठसे घेणारी माणसे आली आणि गेली; आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात वाड्यावरच्या सात घरांनी अंगणात सेन्सरचे दिवे बसवून घेतले. समोरून माणूस गेला की आपोआप पेटणारे आणि थोड्या वेळाने आपोआप विझणारे हे दिवे. त्या सातांत एक घर आमचे होते. वायरमन शिडीवर चढून चिऱ्याच्या भिंतीला भोके पाडत होता, तेव्हा ओसरीवर बसलेल्या सासूबाईंनी सुपारी कातरता कातरता विचारले, “दिसाचो चोर आयलो आनी तुमी रातचे दिवे लायतात?”

वायरमन हसला. मला हसू आले नाही, कारण दिवे आणायचे माझ्या मनाने घेतले होते आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या गोष्टीला आता तीन वर्षे होतील. तीन पावसाळे आणि तीन मे महिने त्या दिव्यांनी काढले, मीही त्यांच्याबरोबर काढले, आणि आता मला थोडेफार उत्तर देता येईल असे वाटते.

अंधाराची भीती केवळ आपल्या मनात नाही, ती कायद्यातही उतरलेली आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीच्या हेतूने दिवसा घर फोडणाऱ्याला कलम 454 खाली जास्तीत जास्त 10 वर्षांची कैद होती. तेच कृत्य सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केले तर कलम 457 खाली 14 वर्षांची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 मध्येही हा चार वर्षांचा फरक तसाच ठेवलेला आहे. मी याचा अर्थ असा लावते, की रात्रीच्या घरफोडीत घरात झोपलेली माणसे असतात आणि गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून कायदा रात्रीला जास्त वजन देतो. चोराचा हिशेब नेमका याच्या उलट असतो. त्याला माणसे नसलेले घर हवे असते, आणि आमच्यासारख्या वाड्यावर घर रिकामे सापडते ते दिवसा: नवराबायको नोकरीवर, मुले शाळेत, म्हातारी माणसे लग्नाला किंवा देवळात. रात्री नऊनंतर आमच्याकडे एकेका घरात पाच-पाच माणसे आणि ओसरीवर एक कुत्रा असतो. असे असताना आम्ही सात घरांनी रात्रीचा बंदोबस्त केला आणि न्हाणीच्या खिडक्यांचे गज जसे होते तसे राहू दिले. सासूबाईंचा टोमणा या जागी लागला होता.

तरीही दिवे लागलेच होते, म्हणून ते चालतात कसे हे समजून घेणे भाग पडले. वायरमनने पहिला दिवा बसवला तो दर्शनी दाराच्या बरोबर वर, वळचणीखाली, जमिनीपासून तेरा फुटांवर, फाटकाकडे तोंड करून. कुणीही तिथेच बसवला असता. फाटकातून येणारा माणूस थेट दिव्याच्या नजरेत यावा अशी त्यामागची कल्पना. संध्याकाळी साडेसातला तो पेटतो का हे बघायला मी फाटकापाशी गेले आणि पायवाटेने सरळ घराकडे चालत आले. तुळशीवृंदावन मागे पडले, पायरी आली, दिवा काही पेटला नाही. पायरीवर पाय ठेवला तेव्हा कुठे डोक्यावर लख्ख उजेड पडला. मी पुन्हा फाटकापाशी गेले, पुन्हा आले, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला कंटाळून मधूनच माडाकडे वळले आणि दिव्यासमोरून आडवी गेले, तर तो तीस फुटांवरून पेटला.

याचे कारण दिव्याच्या पोटात आहे. या दिव्यांतला सेन्सर स्वतः काही सोडत नाही, तो फक्त बघतो, आणि बघतो तेही उजेड नव्हे तर उष्णता. आपले शरीर सतत अवरक्त किरण बाहेर टाकत असते. त्यांची तरंगलांबी साधारण 10 मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. सेन्सरच्या तोंडावर जे दुधी प्लास्टिकचे खरबरीत झाकण असते, ते नुसते झाकण नसून अनेक लहान भिंगांची जाळी असते. ती जाळी समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते, आणि आत शेजारी शेजारी बसवलेल्या दोन संवेदक तुकड्यांवर त्या पट्ट्यांतली ऊब आळीपाळीने टाकते. माणूस आडवा चालला की तो एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो, एका तुकड्यावर ऊब वाढते आणि दुसऱ्यावर कमी होते, आणि तो चढउतार पाहून दिवा पेटतो. सरळ दिव्याच्या रोखाने येणारा माणूस मात्र बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो. दिव्याच्या लेखी तो हललेलाच नसतो. म्हणजे दाराच्या वर, फाटकाकडे रोखलेला दिवा ही दिसायला सर्वांत योग्य आणि प्रत्यक्षात सर्वांत चुकीची जागा. दुसऱ्या दिवशी वायरमनला परत बोलावून तो दिवा घराच्या कोपऱ्यावर आठ फुटांवर घेतला, अशा बेताने की पायवाट त्याच्यासमोरून आडवी जावी. तेव्हापासून फाटकाची कडी वाजल्यावर दोन पावलांत दिवा पेटतो. वाड्यावरच्या उरलेल्या सहा घरांपैकी चार घरांचे दिवे अजून दाराच्या डोक्यावरच आहेत आणि पाहुण्याने पायरीवर पाय ठेवला की पेटतात. त्यांचा उपयोग पाहुण्याला चपला काढायला होतो.

दिव्याच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या तीन कळा होत्या. एक किती लांबचे बघायचे याची, दुसरी किती वेळ जळायचे याची, तिसरी किती अंधार पडल्यावर कामाला लागायचे याची. तिसऱ्या कळीच्या एका टोकाला सूर्याचे आणि दुसऱ्या टोकाला चंद्राचे चित्र होते. वायरमनने ती सूर्याकडेच ठेवली होती, त्यामुळे पहिले चार दिवस भर दुपारी कुणी आले की दिवा पेटून स्वागत करी. दिवसाच्या चोरासाठी हीच सोय बरी, असे सासूबाईंचे मत पडले.

मग मे महिना आला आणि दिवा आंधळा झाला. आधी मला वाटले बिघडला. सकाळी सहाला पाणी भरायला निघाले की तो व्यवस्थित पेटे, पण रात्री आठला हाकेच्या अंतरावरून माणूस गेला तरी ढिम्म. चिऱ्याचे अंगण दिवसभर तापते आणि रात्री नऊपर्यंत तळपायाला चटका देते, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्या कातडीचे तापमान साधारण 33-34 अंश असते. मागची चिऱ्याची भिंत आणि खालची जमीनही त्याच आकड्याच्या आसपास असेल, तर सेन्सरच्या दृष्टीने माणूस आणि भिंत यांत फरकच उरत नाही. थंड हवेच्या देशात बर्फावर उभा राहिलेला माणूस ज्या सेन्सरला निखाऱ्यासारखा दिसेल, त्याच सेन्सरला आमच्याकडे मे महिन्याच्या संध्याकाळी तो भिंतीचा एक हलणारा तुकडा वाटतो. खोक्यावर छापलेला बारा मीटरचा पल्ला आमच्या अंगणात पाच-सहा मीटरवर येतो, हे मी पावलांनी मोजले आहे. मायक्रोवेव्हवर चालणारे दुसऱ्या जातीचे सेन्सर उन्हाळ्याने असे दबत नाहीत, कारण ते उष्णता न बघता स्वतः लहरी सोडून परत येणाऱ्या लहरींतला फरक ओळखतात. पण त्या लहरी दाराच्या फळीतून आणि पातळ भिंतीतून आरपार जातात, आणि वाऱ्याने केळीचे पान हलले तरी त्यांना चोर आला असे वाटते. कुळागराला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेला, लागून असलेल्या घराला तो सेन्सर म्हणजे रात्रभर दिवाळी.

पाने सोडली तरी आमच्या दिव्याला पाहुण्यांची कमतरता नव्हती. पहिल्या महिन्यात मी दर पेटण्याला उठून खिडकीपाशी जात असे. वाड्यावरचे कुत्रे, गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, चालणारे मांजर, दोनदा कुणाची तरी सुटलेली म्हैस. आणि एक उदमांजर, जे रात्री अडीचच्या सुमारास पोफळीवरून उतरून, अंगण ओलांडून, पलीकडच्या चिकूवर जाई. पहिल्यांदा उजेड पडला तेव्हा ते थबकले, मान वळवून दिव्याकडे पाहिले. चौथ्या-पाचव्या रात्री त्याने दिव्याकडे पाहणेही सोडले. चोर माणूस असतो, उदमांजरापेक्षा हुशार असतो, तेव्हा तो तरी दिव्याकडे किती रात्री बघेल हा प्रश्न मला त्या खिडकीत पडला. माझेही उदमांजरासारखेच झाले होते. दुसऱ्या महिन्यात दिवा पेटला की मी कूस बदलून झोपू लागले.

यात सासूबाईंनी एक वेगळीच भर घातली. दिव्याचे बटण घरात, ओसरीच्या दाराशी आहे, आणि ते चालू ठेवले तरच सेन्सर जागा राहतो. झोपण्यापूर्वी घरभर फिरून सगळी बटणे बंद करणे हा त्यांचा अनेक वर्षांचा रिवाज. कंदिलाची काच रोज राखेने पुसणाऱ्या आणि रॉकेल मापून घालणाऱ्या बाईला उघडे बटण म्हणजे गळता नळ वाटतो. किती रात्री तो दिवा मेलेला होता हे मला कळलेही नाही. एका सकाळी सहज बटणाकडे लक्ष गेले म्हणून उमगले. मी बटणावर चिकटपट्टी लावली. त्यांनी ती काढून, चिकट राहू नये म्हणून खोबरेल लावून पुसली आणि बटण बंद केले. मग मी कागदावर हिशेब मांडला. दहा वॅटचा साधा दिवा रात्रीचे बारा तास जळत ठेवला तर वर्षाला जवळजवळ 44 युनिट वीज जाते. सेन्सरचा दिवा रात्रीतून सगळा मिळून अर्धा तास जळतो असे धरले आणि सेन्सर जागा ठेवायला चोवीस तास अर्धा वॅट लागतो असे धरले, तर वर्षाला सहा युनिटांच्या थोडे वर. गंमत म्हणजे त्या सहांतली चारपेक्षा अधिक युनिटे दिवा नुसता वाट बघण्यात घालवतो. सासूबाईंनी हिशेब ऐकून घेतला आणि वाट बघायला पैसे पडतात हे बरोबर आहे असे म्हणून तेव्हापासून बटणाला हात लावला नाही.

पावसाळ्याची कथा वेगळी. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो नुसता वरून पडत नाही, आडवा येतो, भिंतीवरून वाहतो आणि हवेत लोंबकळतो. खोक्यावर आयपी 65 असे लिहिले होते. त्यातला सहाचा आकडा म्हणजे आत धूळ अजिबात जाणार नाही, आणि पाचाचा म्हणजे कुठल्याही बाजूने पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. पण ही हमी बंद डब्याची असते. वायर आत शिरते त्या भोकाची जबाबदारी वायरमनची. आमच्या मागच्या दिव्याची वायर वरून थेट आत घेतली होती, त्यामुळे पाऊस वायरीवरून ओघळत, जणू पायवाटेने, दिव्यात गेला आणि जुलैत काचेच्या आत चार बोटे पाणी साचले. वायर आधी खाली झोळ देऊन मग वर नेली असती तर पाणी झोळावरून ठिबकून गेले असते. पुढच्या दिव्याला तसे करून घेतले आणि तो टिकला. पहिल्या पावसाच्या रात्री पंख फुटलेल्या वाळवीचे थवे उजेडावर आले, वाळवीमागोमाग पाल आली, आणि पालीने मुक्काम टाकला तो नेमका सेन्सरच्या दुधी झाकणावर. तिने शेपूट हलवली की दिवा पेटे, पेटला की किडे येत, किडे आले की ती हले. ही पंगत पहाटेपर्यंत चालली. पांढऱ्या निळसर उजेडावर किडे जास्त येतात म्हणून नंतर पिवळसर उजेडाचा दिवा आणला; पंगत लहान झाली, मोडली नाही. आणि वीज गेली-आली की काही दिवे सेन्सर विसरून रात्रभर जळत राहतात, कारण बटण पटापट बंद-चालू करणे ही त्यांना कायम जळण्याची खूण असते. जूनमध्ये वीज किती वेळा डोळे मिचकावते हे गोव्यात कुणाला सांगावे?

सौरदिव्यांचे एका वाक्यात सांगते: उन्हाळ्यात सुरेख, आणि जुलैत, जेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा रात्री दहापर्यंत बॅटरी संपलेली.

इतके सगळे झाल्यावर मी जरा वाचायला घेतले, की या दिव्यांनी चोऱ्या कमी होतात असे कुणी मोजून पाहिले आहे काय. मोजणी झाली आहे, पण बहुतेक रस्त्यावरच्या दिव्यांची, आणि बहुतेक परदेशात. वेल्श आणि फॅरिंग्टन या अभ्यासकांनी 2008 साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तेरा पाहण्या एकत्र करून सांगितले, की रस्त्यांवरचा उजेड सुधारला तिथे गुन्हे 21 टक्क्यांनी कमी झाले. पण त्यातच एक बारीक गोष्ट होती: जिथे गुन्हे घटले तिथे ते रात्रीचेच घटले असे नाही, दिवसाचेही घटले. दिवा दिवसा काही करत नाही. त्यांनी याचा अर्थ असा लावला, की वस्तीकडे कुणीतरी लक्ष देते आहे असे दिसले की लोकही आपल्या वस्तीकडे लक्ष देऊ लागतात. याच्या उलट बाजूने, इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक प्रशासनांनी खर्च वाचवण्यासाठी रस्त्यांवरचे दिवे मंद केले किंवा मध्यरात्रीनंतर विझवले, तेव्हा गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, असे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. घरांपुरते बोलायचे तर तिथल्याच गुन्हे-सर्वेक्षणावरून 2017 साली अभ्यासकांनी दाखवले, की खिडक्यांची कुलुपे, घरात वेळेवर पेटणारे दिवे, दारांची दुहेरी कुलुपे आणि बाहेरचे सेन्सरचे दिवे ही चौकडी एकत्र असली की घर सर्वांत सुरक्षित राहते. चौकडीतला दिवा तेवढा आम्ही उचलला होता. खिडकीचे कुलूप, ज्याने आमच्या चोराला अडवले असते, ते सातांपैकी एकाही घराने घेतले नव्हते.

मी मग सुताराला बोलावले. आमच्या न्हाणीच्या खिडकीचे गज हाताने हलवून पाहिले, तर त्यातले दोन मुळाशी काडीसारखे मऊ झाले होते. नखाने भुसा निघाला. इतकी वर्षे रोज सकाळी त्या खिडकीखाली मी तोंड धूत होते. लोखंडी गज भिंतीत चार इंच आत नेऊन सिमेंटात बसवले, मागच्या दाराला आतून आडणा, म्हणजे आडवा दांडा, घातला, आणि या दोन्ही कामांना मिळून दोन दिव्यांपेक्षा फार जास्त खर्च आला नाही. कुणी मला आज विचारले तर मी हाच क्रम सांगेन: आधी गज, मग आडणा, उरलेल्या पैशांत दिवा.

मात्र दिवा फुकट गेला असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे पहिले कारण चोराशी संबंधित नाही. एका ऑक्टोबरच्या रात्री सासूबाई मागच्या दाराने बाहेर निघाल्या, दिवा पेटला, आणि खालच्या पायरीवर घोणस वेटोळे घालून पडलेली दिसली. घोणशीला पाहून दिवा पेटला नव्हता. साप थंड रक्ताचा, त्याचे अंग पायरीइतकेच गार, सेन्सरला तो दिसतच नाही. दिवा पेटला तो सासूबाईंना पाहून. त्या उंबऱ्यावर तशाच थांबल्या, मला हाक मारली, आणि घोणस आपल्या वेळेने आपल्या वाटेने गडग्यात गेली. त्या एका रात्रीवर त्या दिव्याचे सगळे पैसे वसूल झाले, असे मी मानते. काखेत भाजीची पिशवी आणि हातात किल्ली घेऊन अंधारात कुलपाचे भोक शोधणाऱ्या कुणालाही हे वेगळे समजावावे लागणार नाही.

दुसरे कारण मला शेजाऱ्यांच्या तक्रारीतून कळले. आमच्या खालच्या घराने उत्साहात पन्नास वॅटचा फ्लडलाइट लावला होता, आडवा, तोंड सरळ समोर. तो पेटला की समोरच्या काकींच्या निजायच्या खोलीत भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येई. रात्रीतून दहा-बारा वेळा. काकींनी महिनाभर सोसले आणि मग खिडकीला जाड पडदा लावून टाकला. आता तो दिवा पेटतो तेव्हा तो बघू शकेल असे एकमेव माणूस पडद्याआड झोपलेले असते. शिवाय एवढा झगझगीत उजेड स्वतःच्याच मागे काळी सावली पाडतो. डोळे त्या उजेडाला सरावले की सावलीत उभा असलेला माणूस दिसतच नाही, आणि डोळ्यांना अंधाराची सवय पुन्हा व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. दहा वॅटचा, खाली तोंड केलेला, अंगणापुरता उजेड पुरतो. त्यात चेहरा दिसतो आणि कुणाची झोप मोडत नाही. (मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर घर असणाऱ्यांना तर समुद्राकडे तोंड करून दिवा लावताना कासवांचाही विचार करावा लागेल, वाळूतून निघालेली पिल्ले समुद्राच्या उजेडाकडे धावतात, आणि तुमचा दिवा अधिक उजळ असेल तर तुमच्या अंगणाकडे.)

काकींच्या पडद्यापाशी मी बराच वेळ अडले, कारण सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. दिवा चोराला पकडत नाही, अडवत नाही, ओरडतही नाही. तो फक्त एवढे करतो, की इथे कुणीतरी हलले आहे हे ज्याला बघायचे असेल त्याला दाखवतो. बघणारे कुणी नसेल तर तोच उजेड चोराला कडी-कोयंडा नीट दिसावा म्हणून आयता मिळालेला असतो. आमच्या वरच्या अंगाला एक मोठे नळ्यांचे घर आहे, राजांगणाचे, चौकीचे. घरची माणसे मुंबईला असतात आणि चवथीला पाच दिवस येतात. उरलेले तीनशे साठ दिवस ते बंद. त्या सात घरांपैकी ते एक. मालकांनी सर्वांत महागडा दिवा लावला, मागच्या बाजूला, कुळागराकडे तोंड करून, कारण धोका तिकडूनच. त्या कुळागरात रात्री माणूस नाही, पलीकडे डोंगर. दिवा वर्षभर पोफळींना उजेड दाखवत होता. मालक महिन्यातून एकदा फोन करून मला विचारत, “वहिनी, दिवा लागतो ना?” आणि मी लागतो म्हणून सांगत असे. खरे तर तो आमच्या घरातून दिसतच नव्हता. मी बांधावरून जाताना कधीतरी पाहिला होता.

गेल्या चवथीला गणपती पोचवून झाल्यावर मी त्यांना हे सरळ सांगून टाकले. त्यांना वाईट वाटेल असे वाटले होते, पण ते उठले आणि मला घेऊन घराला वळसा घालून आले. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या घराचा कुठला भाग दिसतो ते मी आमच्या खिडकीत उभी राहून हाताने दाखवले, आणि त्यांनी तिकडून खडूने भिंतीवर खूण केली. वायरमन तोच. दिवा त्या खुणेवर आला, मागच्या दाराची वाट त्याच्यासमोरून आडवी जाते. जाताना त्यांनी मागच्या दाराची एक किल्ली सासूबाईंच्या हातात दिली, आणि दिवसातून एकदा तिकडे फेरी मारण्याचे काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतले. त्या सकाळी अकराच्या सुमारास जातात. रात्रीचे तुम्ही बघा, असे त्या मला म्हणाल्या.

परवा रात्री भांडी घासताना तो दिवा पेटला. मी नळ बंद केला आणि खिडकीच्या गजांना नाक लावून पाहिले. वरच्या घराची पांढरी भिंत, तिच्यावर पोफळीच्या झावळीची सावली, पायरीवर कुणी नाही. मग गडग्याच्या कडेला दोन हिरवे ठिपके चमकले, इकडे वळले, आणि शेपटी ओढत चिकूच्या दिशेने गेले. दिवा दीड मिनिटावर लावलेला आहे. तो विझेपर्यंत मी तिथेच उभी राहिले, आणि मग उरलेली दोन पातेली विसळली.